उंबरठ्यावरील अनामत

बार्देशातील जुन्या घरांविषयी माझ्या मनात तरुणपणापासून एक ओढ आहे. जांभ्याच्या चिऱ्यांनी रचलेल्या त्यांच्या जाड भिंती, त्यांवर उतरत आलेली मंगळुरी कौलांची छपरे, दर्शनी दारासमोरचा, दोन्ही अंगांना बैठका बांधलेला तो ओटा, ज्यास तिकडे बाल्कांव म्हणतात व जेथे बसून सायंकाळी येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणे हा गृहस्थधर्माचाच एक भाग समजला जातो, आणि या सर्वांहून मनोहर म्हणजे, काचेचा प्रसार होण्यापूर्वी खिडक्यांच्या लाकडी चौकटींत ओळीने बसविलेले शिंपल्यांचे ते पातळ तुकडे, की ज्यांतून भर दुपारचे ऊनही आपला दाह बाहेर ठेवून केवळ आपली शुभ्रता तेवढी आत आणते. हे सर्व रस्त्याने जातायेता मी पुष्कळदा पाहिले होते. अशा घरात रात्र काढण्याचा योग मात्र आला नव्हता.

येणार तरी कसा? त्यांतील बहुतेक घरांना कुलपे असत. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी पोर्तुगिजांचा १८६७ चा दिवाणी कायदा कौटुंबिक मालमत्तेच्या बाबतीत तेथे चालू राहिला, आणि त्या कायद्याने मुलगा व मुलगी हा भेद न करता सर्व अपत्यांस वारसाहक्क दिला. हे न्याय्यच झाले. परंतु दोनतीन पिढ्यांत ते वारस मुंबई, लिस्बन, लंडन असे चहूकडे पांगले आणि ज्या घरावर अनेकांचा हक्क त्या घरात दिवा लावण्यास कोणीच उरले नाही. कोकणातला पाऊस अशा घरास फार काळ क्षमा करीत नाही. एका वर्षी शाकारणी चुकली की वासे कुजू लागतात, आणि वासे गेले की भिंतींना निमित्तच पुरते. म्हणून अलीकडे ही घरे प्रवाशांस दोनचार रात्रींच्या मुदतीने भाड्याने मिळू लागली, त्या भाड्यातून कौले बदलली जाऊ लागली, लाकडास तेलपाणी होऊ लागले, तेव्हा मला मनापासून आनंद वाटला. आणि घरच्या मंडळींसह गोव्यास जाण्याचे ठरले तेव्हा हॉटेलाचा विचारही न करता आम्ही असेच एक घर पक्के केले.

ते पक्के करणे आता घरबसल्या होते. भाचीने मोबाइलवर एका संकेतस्थळाच्या पृष्ठावरील छायाचित्रे दाखविली, सर्वांनी मान डोलावली, आणि भाडे, साफसफाईचे शुल्क व कर असा तपशील देऊन खाली ‘एकूण देय रक्कम’ म्हणून जो आकडा लिहिला होता तो आम्ही त्याच वेळी पूर्ण भरला. आधारपत्रांच्या प्रती पाठविल्या. व्यवहार पुरा झाल्याचा दाखला आला. यानंतर आमच्याकडून काही येणे बाकी आहे असे समजण्यास यत्किंचितही कारण नव्हते.

मांडवी एक्सप्रेसने आम्ही निघालो. पाऊस नुकताच सरला होता. भाताची खाचरे पिवळी पडू लागली होती, पण डोंगरउतारांवरची हिरवळ अजून ओसरली नव्हती. ज्याने कोकण रेल्वेने दिवसाउजेडी प्रवास केला नसेल त्याने आपल्या प्रांताचे अर्धे वैभव पाहिलेच नाही असे मी म्हणेन. रत्नागिरी मागे पडून गाडी पानवलच्या पुलावर आली, सुमारे ६४ मीटर खाली दरीत झाडांचे शेंडे दिसू लागले, मुले खिडकीशी गोळा झाली, आणि नेमक्या त्याच सुमारास भाचीच्या मोबाइलवर एका अपरिचित क्रमांकावरून संदेश आला. त्यात स्वागताची दोन वाक्ये होती. पुढे असे होते, की घराचा ताबा घेण्यापूर्वी ₹१५,००० सुरक्षा अनामत म्हणून सोबत पाठविलेल्या संकेतावर जमा करावी, ती घर सोडल्यानंतर तपासणी करून परत केली जाईल, आणि रक्कम न पोहोचल्यास किल्ली देता येणार नाही.

बोगद्यांमधून संपर्क जसजसा साधेल तसतसे भाचीने ते सारे पृष्ठ पुन्हा पहिल्यापासून वाचून काढले. अनामतीचा आकडा तेथे नव्हता. शेवटी घराच्या नियमांत, रात्री मोठ्याने संगीत लावू नये व जलतरण तलावाजवळ काचेचे पेले नेऊ नयेत अशा सूचनांनंतर, ‘व्यवस्थापनाच्या इतर अटी लागू राहतील’ एवढे एकच वाक्य होते. आरक्षण विनाशुल्क रद्द करण्याची मुदत उलटून गेली होती. संकेतस्थळाच्या मदतक्रमांकावर जो सौजन्यशील आवाज भेटला त्याने सांगितले, की अनामत ही घरमालक व पाहुणा यांमधील बाब असून तिच्याशी आमचा संबंध येत नाही.

त्या वेळी मला पैशांहूनही एका निराळ्याच शंकेने घेरले. अपरिचित क्रमांक, ऐनवेळचा संदेश, मूळ संकेतस्थळाच्या बाहेर पैसे भरण्याचा आग्रह, आणि न भरल्यास आश्रय नाकारण्याची ताकीद: ऑनलाइन फसवणुकीची लक्षणे म्हणून वर्तमानपत्रांतून जी वारंवार सांगितली जातात आणि ज्यांसाठी सरकारने १९३० हा मदतक्रमांक चालविला आहे, ती सर्व येथे एकत्र होती. आलेला संदेश प्रामाणिक व्यवस्थापकाचा की तोतयाचा, हे ओळखण्याचे कोणतेही साधन प्रवाशाजवळ नसते. ही अनामत पहिल्याच पृष्ठावर नमूद असती तर तोतयास शिरण्यास जागा उरली नसती, कारण मग जे आधी सांगितले नव्हते ते मागणारा तोतयाच, असे निःशंकपणे म्हणता आले असते. अनामत लपविणारा मालक अशा रीतीने चोरांसाठीही वाट मोकळी करून ठेवतो, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा अपराध आहे.

थिवीस उतरून गावी पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. घर छायाचित्रांत होते तसेच, किंबहुना अधिकच देखणे होते. फाटकाशी एक मध्यमवयीन गृहस्थ कंदिलासारखा दिवा घेऊन उभे होते. बोलण्यावरून बांदा-सावंतवाडीकडचे वाटले. त्यांनी सामान उतरविण्यास हात दिला, मुलांना पाणी दिले, आणि मग अत्यंत संकोचाने, माझ्याकडे न पाहता, विचारले, “काका, पैशे इले काय?”

मी म्हणालो, की याविषयी आम्हांस आधी कोणी काही सांगितले नव्हते.

“सगळेच तसा म्हणतत, काका. माका मालक कोण ता पण म्हायत नाय. हापीसातसून फोन येता. पैशे इले काय चावी देवची, एवढाच माका सांगितलला हा.”

त्या भल्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. लहान मुले पेंगुळली होती, सौभाग्यवतींचे गुडघे प्रवासाने धरले होते, आणि त्या वेळी गावात दुसरे घर शोधणे केवळ अशक्य होते. पैसे भरले. ते ज्या नावाने जमा झाले ते नाव आम्ही पूर्वी ऐकलेले नव्हते. पावती मागितली, तेव्हा मोबाइलवर जो संदेश येईल तीच पावती असे उत्तर मिळाले. घरातील वस्तूंची यादी मागितली, ती नव्हती.

शेजारच्याच आवारात, त्याच व्यवस्थापनाच्या लहान घरात, इचलकरंजीहून आलेले एक कुटुंब त्याच वेळी उतरत होते. घरातला कर्ता मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस होता. आईवडिलांना पहिल्यांदाच समुद्र दाखवावा म्हणून त्याने वर्षभर पैसा जमविला होता आणि प्रत्येक दिवसाच्या खर्चाचा अंदाज कागदावर मांडून तो निघाला होता. त्या कागदात या रकमेला जागा नव्हती. अंगणातल्या दिव्याखाली उभा राहून तो आपल्या मेहुण्याशी हलक्या आवाजात बोलत होता, आणि त्याचे वृद्ध वडील, काही तरी अडले आहे हे कळूनही काय अडले ते न कळल्यामुळे, पिशव्या खाली न ठेवताच पायरीवर उभे होते. मेहुण्याने पैसे पाठविले. पुढे त्या मंडळींनी नौकेची सफर व फोंड्याकडील देवदर्शनासाठी ठरविलेली मोटार ही दोन्ही रद्द केल्याचे मला दुसऱ्या दिवशी कळले. परत मिळणाऱ्या पैशाने कोणाचे काय नुकसान होते असे जे विचारतात त्यांनी त्या पायरीवरच्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहावयास हवे होते. श्रीमंताचे पंधरा हजार काही काळ अडकतात. गरिबाचा तेवढ्या काळापुरता प्रवासच जातो, आणि गेलेला प्रवास अनामतीबरोबर परत मिळत नाही.

येथे मला घरमालकांची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि मला मान्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घर मी सावकाश हिंडून पाहिले. दिवाणखान्यात शिसवी खुर्च्या होत्या, त्यांच्या पाठींवरील वेलबुट्टी ज्या हातांनी कोरली ते हात आता मिळणार नाहीत. भिंतीतल्या कपाटात मकावहून आलेल्या चिनी मातीच्या बशा मांडल्या होत्या. आणि खिडक्यांतले शिंपले! झुआरीच्या खाडीत, चिखलीच्या आसपास हे शिंपले सापडतात. ते काढून, कापून, घासून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसविण्याची विद्या जाणणारे कारागीर आता विरळा. अशा घरात कोणी मद्यपान करून धिंगाणा घातला, आणि तसे घालणारे प्रवासी गोव्यात येतात हे कोण नाकारील, तर होणारी हानी कोणत्याही भाड्याने भरून येणारी नाही. ज्याने आपल्या आजीची खुर्ची अनोळखी माणसास बसावयास दिली त्याने काही तारण मागितले तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

तारणाची ही गरज का उत्पन्न झाली याचा विचार करता मला गोव्यातल्याच एका जुन्या व्यवस्थेचे स्मरण होते. पोर्तुगिजांच्या अमलात तिसवाडी, सासष्टी, बार्देश या भागांतील देवालये मोडली गेली तेव्हा देवांनाच स्थलांतर करावे लागले. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास नदी ओलांडून प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. भक्तही देशोदेशी पांगले होते, आणि ते दर्शनास येत तेव्हा त्यांच्या उतरण्यासाठी देवळाच्या प्राकारात अग्रशाळा असत. लहानपणी वडिलांबरोबर अशा एका अग्रशाळेत मी राहिलो आहे. तेथील कारकुनाने वडिलांना नाव, गाव, कूळ व आजोबांचे नाव विचारले, ते एका जाड वहीत उतरविले, आणि तेवढ्यावर खोली उघडून दिली. मला तेव्हा ती केवळ देवाघरची उदारता वाटली होती; आज कळते, की ते कूळ व तो गाव हाच आमचा जामीन होता. आम्ही काही आगळीक केली असती तर तिची वार्ता आमच्याआधी आमच्या गावी पोहोचली असती. आज ज्याच्या घरात आपण उतरतो त्याला आपले कूळ ठाऊक नाही, आपल्याला त्याचे नाव ठाऊक नाही, आणि म्हणून परिचयाच्या जागी पैसा उभा राहतो. इथवर काही वावगे नाही.

परंतु या नव्या बाजाराने आम्हांस जे सांगितले होते ते निराळेच होते. परिचय नसला तरी चालेल, मध्ये आम्ही आहोत, असे त्याचे आश्वासन होते. त्यासाठी त्याने आमची ओळखपत्रे घेतली, पूर्वी ज्या घरांत उतरलो त्या घरमालकांनी आम्हांविषयी दिलेले अभिप्राय साठविले, आणि पूर्ण भाडे आगाऊ घेऊन आपल्यापाशी ठेवले. ओळख, लौकिक आणि आगाऊ भाडे असे तीन जामीन दिल्यानंतर चौथा उंबरठ्यावर मागितला गेला, आणि ज्याने मध्यस्थी करून दलाली घेतली तो नेमक्या त्या क्षणी बाजूस झाला. असे का होते हे समजण्यास फार खोलात जावे लागत नाही. संकेतस्थळावर घरे शोधणारा मनुष्य प्रथम भाडे पाहतो. जे घर स्वस्त दिसते ते वर येते, आणि अनामत त्या भाड्याच्या आकड्याजवळ छापली तर कित्येक डोळे पुढच्या घराकडे वळतील. म्हणून ती मागे ठेवायची, आणि पाहुण्याला परत फिरण्याची सोय उरली नाही असे पाहून पुढे करायची.

आपल्या कायद्याने या युक्तीची दखल घेतली आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याने वस्तूची वा सेवेची एकूण किंमत एका आकड्यात व सर्व सक्तीच्या व ऐच्छिक आकारांच्या तपशिलासह दाखविली पाहिजे. आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत झाली त्यांत ग्राहकास भुलविणाऱ्या १३ प्रकारच्या रचना निषिद्ध ठरविताना, किमतीचा काही भाग आधी न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे, किंवा खरेदी पक्की झाल्यानंतर उघड करणे, याचा स्पष्ट समावेश केला आहे. यावर व्यवस्थापकांचे उत्तर असे, की अनामत ही किंमत नव्हेच, ती तर परत मिळते. हा युक्तिवाद मला पटत नाही. जी रक्कम दिल्यावाचून दार उघडत नाही ती देणाऱ्याच्या दृष्टीने त्या क्षणी किंमतच असते. तिचे परत मिळणे ही पुढची गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली.

ही मर्जी अमर्याद नाही, हे मात्र प्रत्येक प्रवाशास ठाऊक असावे. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात दंडाचा आकडा काहीही लिहिलेला असो, करार मोडल्यास मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा हीच तिची कमाल मर्यादा. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच न्याय आधीच हाती घेतलेल्या रकमेसही लावला. तेथे विक्रेत्याने खरेदीदाराचे ₹२५,००० जप्त केले होते. त्यांपैकी ₹१,००० इसारा म्हणून त्याजकडे राहू दिले गेले, उरलेल्या ₹२४,००० वर, नुकसान सिद्ध न झाल्याने, त्याचा हक्क मानला गेला नाही. पैसे आपल्या मुठीत आहेत एवढ्यावरून ते आपले होत नाहीत, हे तत्त्व जमिनीच्या व्यवहारास लागू, तसे खिडकीच्या शिंपल्यासही लागू आहे.

आणि मुठीत घेण्याची तरी आवश्यकता काय? मोठी हॉटेले पाहुण्याच्या कार्डावर ठराविक रक्कम केवळ राखून ठेवतात. ती खात्यातून जात नाही, आणि पाहुणा गेल्यावर मोकळी होते. समभागांसाठी अर्ज करणाराची रक्कम त्याच्याच खात्यात गोठवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे २००८ पासून आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआयमध्येही ग्राहकाच्याच खात्यात रक्कम राखून ठेवण्याची अशीच सोय जाहीर केली, आणि तिच्या उपयोगाच्या उदाहरणांत हॉटेलच्या आरक्षणाचा उल्लेख केला होता. फ्रान्समध्ये ग्रामीण घरे भाड्याने देताना मालक व पाहुणा दोघे मिळून येताना व जाताना घराची पाहणी करतात, आणि ती लिहून दोघेही तिच्यावर सही करतात. गोव्याला तर हे परके वाटण्याचे मुळीच कारण नाही. वारसांमध्ये मालमत्ता वाटताना घरातल्या प्रत्येक वस्तूची न्यायालयासमोर सूची करण्याची कार्यपद्धती तेथे पोर्तुगीज काळापासून रुळलेली असून २०१२ च्या कायद्यातही ती कायम आहे. ज्या भूमीत भावाभावांच्या व्यवहारात चमचेही मोजून लिहिले जातात तेथे परक्या पाहुण्याला यादीवाचून जबाबदार धरावे, हे त्या भूमीच्याच रीतीस सोडून आहे.

आमचे दिवस चांगले गेले. पहाटे पाववाल्याच्या सायकलीचा भोंगा ऐकून जाग येई. मुले त्याच्यामागे फाटकापर्यंत धावत. दुपारी बाल्कांवच्या बैठकीवर मी वाचीत बसे. परंतु खरे सांगावयाचे तर त्या घरात मोकळेपणा कधीच आला नाही. कपाटातल्या बशीला कोणी हात लावला की सौभाग्यवती सर्वांना दटावीत, धाकट्या नातवाच्या हातून सरबत सांडले तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले, आणि ज्या खुर्च्या पाहून मी हरखलो होतो त्यांवर बसणे आम्ही आपोआपच टाळू लागलो. आरंभीच सांगून घेतलेल्या अनामतीचा असा भार मनावर राहत नाही, हे मी अनुभवाने जाणतो.

घर सोडताना त्या गृहस्थांनी सर्व खोल्या पाहून समाधान व्यक्त केले. रक्कम मात्र सांगितलेल्या मुदतीत आली नाही. विचारणा केल्यावर कळविण्यात आले, की दिवाणखान्याच्या खिडकीतील शिंपल्याचा तुकडा फुटल्याबद्दल ₹३,५०० वजा करण्यात येत आहेत. सोबत त्या फुटक्या तुकड्याचे छायाचित्र होते. मी ते पाहिले आणि ओळखले, कारण पहिल्याच सकाळी त्या खिडकीतून जमिनीवर पडलेल्या प्रकाशाचे एक छायाचित्र मी केवळ आवडले म्हणून घेतले होते. त्यात इतर सर्व चौकटींतून दुधाळ उजेड येत होता, आणि एका कोपऱ्यातून, जेथे तुकडा आधीपासूनच फुटलेला होता, उन्हाची एक तीव्र तिरीप सरळ खाली आली होती. छायाचित्रावर दिवस व वेळ होती. ते मी पाठविले, वर लिहिलेल्या नियमांचा उल्लेख केला, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकाकडे दाद मागत असल्याचेही कळविले. पूर्ण रक्कम जमा झाली. इचलकरंजीच्या त्या हिशेबनिसाला दूरध्वनी करून विचारले, तेव्हा त्याच्या रकमेतून चादरीवरील डागासाठी काही वजावट झाल्याचे समजले. आईने जाताना चादरी स्वतः धुऊन वाळत घातल्या होत्या, असे तो म्हणाला. पत्र लिहिण्यास मी त्याला साहाय्य केले. त्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. संकेतस्थळावर ते घर आजही त्याच भाड्याने आणि अनामतीच्या उल्लेखावाचून दिसते.

यानंतर पुन्हा गोव्यास जाणे झाले ते सासष्टीतल्या एका गावी. तेथील घरमालकीण, एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षिका, घराच्या मागल्या अंगास स्वतः राहतात. आम्ही चौकशी केली त्याच दिवशी त्यांनी कळविले: भाडे अमुक, अनामत ₹५,०००, ती माझ्यापाशीच राहील, निघताना परत मिळेल, मान्य असेल तरच पुढे बोलू. पोहोचल्यावर त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद पुढे ठेवला आणि आम्हांस प्रत्येक खोलीतून फिरविले. ‘पेले बारा, त्यांतील एकाची कड उडालेली’ हे त्यांनी आम्ही पाहण्याआधी बोट ठेवून दाखविले. दोघांनी सह्या केल्या, आणि त्यानंतर त्या घरात आम्ही आपल्या घरी राहावे तसे राहिलो. खुर्च्यांवर बसलो, बशांतून जेवलो. नातवाच्या हातून एक पेला फुटला. निघण्याच्या सकाळी त्यांनी तो कागद आणला, मडगावच्या बाजारात तसा पेला ₹१२० ला मिळतो असे सांगितले, आणि ₹४,८८० मोजून माझ्या हाती ठेवून त्याच कागदाच्या पाठीवर पावती लिहून दिली. तिच्यावर तारीख, दोघांची नावे, आणि ‘एक पेला, येणे बाकी काही नाही’ एवढे लिहिलेले होते.